गादी कोरियाची, बाण वऱ्हाडाचा

टेनिस हा खेळ आपल्या नांदगाव खंडेश्वराकडे फारसा कोणी खेळत नाही. पण वर्तमानपत्राचे शेवटचे पान आधी उघडणाऱ्या गुरुजींना, आणि हातातल्या फोनवर सामने पाहणाऱ्या पोट्ट्यांना, फेडरर, नदाल आणि जोकोविच ही तीन नावे पाठ आहेत. २००३ च्या विम्बल्डनपासून २०२३ च्या अमेरिकन स्पर्धेपर्यंत पुरुष एकेरीच्या ८१ मोठ्या स्पर्धा झाल्या. त्यांतल्या ६६ ह्या तिघांनी आपसांत वाटून घेतल्या : फेडररने २०, नदालने २२ आणि जोकोविचने २४. बाकी साऱ्या जगाच्या वाट्याला उरल्या १५. वीस वर्षे टेनिसच्या लोकांत एकच चर्चा चालली होती, की ह्या तिघांना हात लावील असा कोण आहे?

खेळाच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. गादीवर बसलेले मोजके असतात, आणि दाराशी उभे राहिलेले पुष्कळ. त्यांतला कोण आत शिरतो, आणि कशाच्या बळावर शिरतो, हे पाहण्यासारखे असते. पण आज मी आपणांस टेनिसच्या मैदानावर नेणार नाही. हाच प्रश्न आपल्या वऱ्हाडच्या अंगणात दुसऱ्या एका खेळाच्या रूपाने आलेला आहे. तो खेळ म्हणजे धनुर्विद्या. तुमच्या गावातच एकलव्याच्या नावाने तिची अकादमी चालते. अमरावतीला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत मुले धनुष्य चालवायला शिकतात. आणि ह्या खेळात गादीवर तिघे नाहीत, दोघे नाहीत, एकच देश बसलेला आहे : दक्षिण कोरिया.

आधी खेळ समजावून घेऊ, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल. आजच्या धनुर्विद्येत मुख्यतः दोन धनुष्ये आहेत. पहिले रिकर्व्ह. त्याची टोके बाहेरच्या बाजूला वळलेली असतात, आणि ऑलिंपिकमध्ये आजवर हेच चालत आले. निशाण ७० मीटरवर. मधले सोनेरी वर्तुळ, ज्याला दहा गुण मिळतात, ते १२.२ सेंटीमीटरचे, म्हणजे चहाच्या बशीहून लहान. शाळेच्या पटांगणाच्या एका टोकाला बशी लावा, दुसऱ्या टोकाला उभे राहा आणि बघा बरं ती दिसते का! दुसरे धनुष्य कंपाउंड. त्याच्या टोकांना चाके असतात. दोरी पूर्ण ओढली की चाकांमुळे हातावरचा भार बराच उतरतो, म्हणून नेम धरून थांबता येते. त्याचे निशाण ५० मीटरवर आणि दहाचे वर्तुळ आठ सेंटीमीटरचे. कंपाउंडच्या सामन्यात पंधरा बाण सोडायचे आणि १५० पैकी ज्याचे गुण जास्त तो जिंकला. रिकर्व्हमध्ये मात्र डाव पडतात. एका डावात तीन बाण, डाव जिंकला तर दोन गुण, बरोबरी झाली तर एकेक. आधी सहा गुण करील तो विजयी. तिघांचा संघ असेल तर पाच गुण पुरतात.

सोपे वाटते ना? आता थोडे गणित करू. रिकर्व्हची दोरी ओढताना पुरुष खेळाडूच्या बोटांवर साधारण २० किलोचा भार येतो. सरावाच्या दिवशी तो ३०० बाण सोडतो असे धरा. ३०० गुणिले २० म्हणजे ६,००० किलो. साठ क्विंटल! आपल्या शेतकऱ्याला साठ क्विंटल म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. एवढे वजन तीन बोटांनी रोज ओढायचे, आणि तेही प्रत्येक वेळी अगदी तसेच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. गुरुजींनी हे गणित चौथीच्या वर्गाला जरूर घालावे.

आता गादीचा इतिहास. कोरियात धनुष्याची परंपरा फार जुनी आहे हे खरे. पण ऑलिंपिकमधले हे धनुष्य तिथेही परकेच होते. ते आले शाळांतून, आणि त्याला हात देणाऱ्यांत व्यायामशिक्षक पुढे होते. युद्धाने पोळलेल्या त्या देशात मुलींच्या शाळांतून हा खेळ रुजत गेला. त्या देशात येचन नावाचा एक तालुकावजा प्रांत आहे. शेतीचा मुलूख. मोठा कारखाना नाही, मोठे शहर नाही. तिथली किम जिन-हो नावाची शाळकरी मुलगी १९७९ साली पश्चिम बर्लिनच्या जागतिक स्पर्धेला गेली आणि पाच सुवर्णपदके घेऊन परत आली. जग चकित झाले. पुढच्याच वर्षी मॉस्कोच्या ऑलिंपिकवर तिच्या देशाने बहिष्कार टाकला, त्यामुळे ऐन भरात असताना तिची संधी गेली. १९८३ साली ती पुन्हा जगज्जेती झाली. आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले ते तिची सहकारी सो ह्यांग-सून हिने. वय अवघे सतरा. किमला कांस्य मिळाले. खेळात असेही होते, ज्याने रस्ता पाडला त्याला मुक्कामाचे पाणी मिळतेच असे नाही. पण येचनचे लोक तिला विसरले नाहीत. तिथल्या धनुर्विद्येच्या मैदानाला आज तिचेच नाव आहे, आणि २०२४ च्या मे महिन्यात जागतिक चषकाचा एक टप्पा त्याच गावी भरला होता.

१९८४ पासून पुढे काय झाले ते ऐका. महिलांची सांघिक स्पर्धा ऑलिंपिकमध्ये १९८८ साली सुरू झाली. तेव्हापासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत ती दहा वेळा झाली आणि दहाही वेळा कोरियानेच जिंकली. महिलांच्या वैयक्तिक स्पर्धेत १९८४ पासून एकदाच सुवर्ण दुसऱ्या देशाकडे गेले. पॅरिसला तर धनुर्विद्येची पाच सुवर्णपदके होती, पाचही कोरियाने नेली. पुरुषांच्या वैयक्तिक अंतिम सामन्यात किम वू-जिन आणि अमेरिकेचा ब्रॅडी एलिसन ह्यांची बरोबरी झाली. मग एकेक बाण. दोघांचाही दहावर! शेवटी केंद्रापासूनचे अंतर मोजले. किमचा बाण ४.९ मिलिमीटरने जवळ होता. तुरीच्या एका दाण्याएवढ्या अंतराने सुवर्ण इकडचे तिकडे झाले.

तरी गादी अभेद्य कधीच नव्हती. पुरुषांच्या वैयक्तिक स्पर्धेत कोरियाला पहिले सुवर्ण मिळायला २०१२ साल उजाडले. त्याआधी अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, इटली, युक्रेन अशा देशांचे खेळाडू जिंकून गेले. २०२१ साली टोकियोत तुर्कस्तानचा मेते गाझोझ जिंकला. आणि महिलांत ते एक सुवर्ण ज्या मुलीने हिसकावले, तिची गोष्ट तर शाळेत सांगावी अशी आहे. २००८, बेजिंग. चीनची झांग ज्वानज्वान. उपांत्यपूर्व सामन्यात समोर कोरियाची मुलगी, उपांत्य सामन्यात कोरियाची दुसरी, अंतिम सामन्यात कोरियाची तिसरी. तिघींना ओळीने हरवले, आणि शेवटचा सामना ११० विरुद्ध १०९, एका गुणाने.

मग कोरिया पुन्हा पुन्हा वर का येतो? लोक म्हणतात, त्यांच्या रक्तातच आहे. मला हे पटत नाही. त्यांचे बळ आहे निवडीत. ऑलिंपिकचा संघ निवडण्यासाठी तिथे अनेक महिने एकामागून एक चाचण्या होतात. मागच्या खेपेला सुवर्ण मिळवले म्हणून कोणाला चिठ्ठी मिळत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे दोघे, कू बोन-चान आणि चांग हे-जिन, टोकियोच्या संघात नव्हते. त्यांच्या जागी आलेली आन सान ही विशीतली मुलगी तिथून तीन सुवर्णपदके घेऊन आली. तिथे म्हणतात की ऑलिंपिक जिंकणे सोपे, कोरियाच्या संघात शिरणे अवघड. शिवाय १९८५ पासून एक मोठा मोटार कारखानदार समूह त्यांच्या संघटनेच्या पाठीशी अखंड उभा आहे. गोंगाटाची सवय व्हावी म्हणून खेळाडूंना बेसबॉलच्या मैदानावर, प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात नेम धरायला लावतात. टोकियोला जाण्यापूर्वी तिथल्या मैदानाची हुबेहूब नक्कल त्यांनी आपल्या सराव केंद्रात उभी केली होती.

आपल्याकडे काय होते? आपल्याकडे धनुष्य म्हटले की अर्जुन आणि एकलव्य आठवतात, आणि मग आपण फार लवकर समाधान पावतो. एकलव्यावरून एक गंमत सांगतो. रिकर्व्हचा आजचा खेळाडू दोरी ओढतो ती तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशा तीन बोटांनी. अंगठ्याचे तिथे काम नाही! जुन्या आशियात मात्र अंगठ्याने दोरी ओढत, अंगठ्यात त्यासाठी खास अंगठीही घालत. अंगठा गेल्यावरही एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडीत राहिला, फक्त पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे महाभारतातच सांगितले आहे. तेव्हा आजच्या मैदानावर एकलव्याला कोणी अडवू शकले नसते. अडवले असते ते दुसऱ्याच गोष्टीने, पण तिच्याकडे पुढे येऊ.

आदिवासी मुलाला धनुष्य उपजत येते ही दुसरी समजूत. १९८० च्या दशकात सरकारने राजस्थानच्या डोंगरांतून लिंबा राम ह्या मुलाला शोधून आणले. त्याने १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिक गाठली, १९९२ साली बेजिंगला ३० मीटरवर ३६० पैकी ३५७ गुण करून त्या वेळच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. पण हे उपजत नव्हते हो. शिकार करणारा हात आणि सत्तर मीटरवर शंभर वेळा तोच बाण तसाच सोडणारा हात, ह्यांत वर्षानुवर्षांच्या सरावाचे अंतर असते. मेळघाटातल्या कोरकू पोराच्या हातात बापजाद्यांचे धनुष्य असेल, पण रिकर्व्ह त्याला शिकावेच लागेल. तसेच ते सातारच्या मजुराच्या पोरालाही शिकावे लागले.

त्या पोराचे नाव प्रवीण जाधव. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यात सरडे नावाचे गाव आहे, तिथला तो. आईबाप मजुरी करणारे. आधी तो धावत असे. अंगात ताकद नव्हती, खायलाच पुरेसे नव्हते तर ताकद येणार कुठून? जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी त्याच्या जेवणाखाणाकडे लक्ष दिले आणि त्याला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत पाठवले. तिथे मुलांची पारख करताना दहा मीटरवरच्या कड्यातून चेंडू टाकायला सांगितले. ह्याने दहाच्या दहा चेंडू कड्यातून घातले. पोरगा नेमबाज आहे, हे ठरले. मग तो आला आपल्या अमरावतीच्या प्रबोधिनीत, धनुर्विद्या शिकायला.

पण अमरावतीत त्याचे बस्तान लगेच बसले नाही. शरीर किरकोळ, धनुष्य जड. खांदे दुखत, बाण भरकटत. त्याला काढून टाकण्यापर्यंत वेळ आली. प्रशिक्षकांनी शब्द टाकला तेव्हा शेवटची संधी मिळाली : पाच बाण, आणि ५० पैकी निदान ४५ गुण. श्रोतेहो, एका मुलाचे आयुष्य पाच बाणांवर टांगलेले होते. त्याने ते गुण केले आणि तो राहिला. समजा तेव्हा चौथा बाण निळ्या रंगात गेला असता तर? आज मी त्याचे नाव तुमच्यापुढे घेतले नसते, आणि आपल्याला काही गमावले हे कळलेही नसते.

अमरावतीला व्यायामाची परंपरा आहे हे मी सांगायला नको. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपणां सर्वांना ठाऊक आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन कबड्डीसारखे आपले देशी खेळ दाखवले होते. तेव्हा आपण खेळ दाखवायला गेलो होतो. जिंकायला जाण्याचे दिवस पुढे आले.

प्रवीण पुढे सैन्यात गेला. २०१९ साली नेदरलँड्समधल्या जागतिक स्पर्धेत अतनू दास आणि तरुणदीप राय ह्यांच्यासह त्याने सांघिक रौप्य मिळवले. टोकियोला त्याने पहिल्याच सामन्यात जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रशियन खेळाडूला ६–० असे गारद केले. पुढच्या सामन्यात समोर आला जगात पहिला असलेला ब्रॅडी एलिसन, आणि त्याने प्रवीणला तसेच ६–० ने परत पाठवले. त्याच ऑलिंपिकमध्ये मिश्र जोडीत प्रवीण आणि दीपिका कुमारी कोरियाकडून ६–२ असे हरले, आणि पुरुषांच्या संघालाही कोरियाने ६–० ने बाहेर काढले. म्हणजे ज्या दाराशी जावे तिथे तोच पहारेकरी.

आणि मग २०२४ चा एप्रिल उगवला. चीनमध्ये शांघायला जागतिक चषकाचा सांघिक अंतिम सामना. एका बाजूला कोरियाचे किम वू-जिन, किम जे-देओक, ली वू-सोक. ह्यांतले पहिले दोघे टोकियोच्या विजेत्या संघातले. दुसऱ्या बाजूला आपले धीरज बोम्मादेवरा, तरुणदीप राय आणि प्रवीण जाधव. पहिला डाव ५७–५७. दुसरा ५७–५५, आपला. तिसरा ५५–५३, तोही आपला. ५–१! जागतिक चषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या पुरुष संघाने कोरियाला प्रथमच हरवले.

इथे पुष्कळ जण थांबतात आणि टाळ्या वाजवतात. आपण जरा पुढे जाऊ. तीन महिन्यांनी पॅरिसचे ऑलिंपिक आले. संघ आपला तोच. उपांत्यपूर्व सामन्यात समोर तुर्कस्तान. आपण ६–२ असे हरलो. आणि शांघायला आपल्याकडून मार खाल्लेले तेच तिघे कोरियन सुवर्ण गळ्यात घालून उभे राहिले. धीरज आणि अंकिता भकत ह्यांची मिश्र जोडी उपांत्य फेरीपर्यंत गेली, तिथे कोरियाकडून हरली, मग कांस्यासाठी अमेरिकेकडून. चौथा क्रमांक. २०२४ पर्यंत धनुर्विद्येत भारताला ऑलिंपिकचे एकही पदक मिळालेले नव्हते. एक दिवस राजाला हरवणे वेगळे, आणि ज्या दिवशी हरवायचे त्या दिवशी हरवणे वेगळे. आपल्या खेळाडूंत नेम कमी नाही. तोच नेम ठरलेल्या दिवशी साधण्याची सवय कमी आहे, आणि ती सवय कोरियाच्या चाचण्यांतून लागते. आपल्याकडच्या चाचण्या इतक्या कठोर आणि इतक्या निर्मळ व्हायला हव्यात.

आता कंपाउंडकडे वळू, कारण तिथले चित्र निराळे आहे. कंपाउंडची गादी कोरियाची नव्हे. तिथे वर्षानुवर्षे ज्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाई तो नेदरलँड्सचा माइक श्लोसर. २०१३ चा जगज्जेता. २०१५ साली त्याने १८ मीटरवर ६० बाणांत ६०० पैकी ६०० गुण केले, एकही बाण दहाच्या बाहेर नाही. लोक त्याला निर्दोष माणूस म्हणून ओळखतात. अशा माणसाला कोण हरवणार?

२०२३ चा मे महिना, पुन्हा शांघाय. अंतिम सामन्यात श्लोसरपुढे उभा राहिला आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जवकार. वय एकोणीस. पंधरा बाणांत श्लोसरचे १४८ गुण झाले, प्रथमेशचे १४९. बुलढाण्याच्या पोराने जगातल्या पहिल्या क्रमांकाला एका गुणाने खाली बसवले! त्याच वर्षी ऑगस्टात बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे पंधराच्या पंधरा बाण दहावर मारून, १५० पैकी १५० करून, जगज्जेता झाला. त्याच दिवशी सातारा जिल्ह्याची अदिती स्वामी मुलींत जगज्जेती झाली. ती सतरा वर्षांची, एका शिक्षकाची मुलगी. गुरुजी, ऐकलंत ना? ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई खेळांत कंपाउंडची पाचही सुवर्णपदके भारताने मिळवली. पुरुषांच्या संघात अभिषेक वर्मा, ओजस आणि प्रथमेश होते, आणि अंतिम सामन्यात हरवले ते कोरियालाच, २३५–२३०. मे २०२४ मध्ये तर अदिती, ज्योती सुरेखा आणि परनीत कौर ह्यांनी सांघिक सुवर्ण जिंकले ते येचनमध्ये, त्या किम जिन-होच्या गावी. २०२५ च्या सप्टेंबरात कोरियातल्याच ग्वांगजूला भारताच्या पुरुषांनी कंपाउंडचे पहिले जागतिक सांघिक सुवर्ण मिळवले. त्यात पुण्याचा प्रथमेश फुगे होता.

एवढे यश का? माझे मत स्पष्ट सांगतो. एक तर ह्या पोरांना लहानपणी चांगले शिक्षण मिळाले. ओजस आणि अदिती हे दोघेही सातारच्या एकाच प्रशिक्षकाकडे तयार झाले. दुसरे कारण थोडे कडू आहे. कंपाउंड ऑलिंपिकमध्ये नव्हते, म्हणून कोरियाने आपली सारी ताकद रिकर्व्हवर लावली होती. मालक दुसऱ्या वावरात गुंतलेला होता, म्हणून आपल्याला ह्या वावरात पीक घेता आले. म्हणून आपल्या पोरांचे कौतुक कमी होत नाही, श्लोसरसारखा पहिलवान तर तिथे होताच. पण हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणि रिकर्व्ह? तिथेही हालचाल आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्याला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांच्या सांघिक अंतिम सामन्यात भारत विरुद्ध कोरिया. भारताच्या संघात अतनू दास, राहुल, आणि तिसरा आपल्या अमरावतीचा यशदीप भोगे. सामना ४–४ असा अडकला. मग तिघांचा एकेक बाण. दोन्ही संघांचे २९ गुण! पुन्हा अंतर मोजले, आणि ह्या वेळी केंद्राजवळचा बाण भारताचा निघाला. पॅरिसला एलिसनच्या नशिबी जे आले, ते इथे कोरियाच्या वाट्याला आले. आशियातले हे सांघिक सुवर्ण आपल्या पुरुषांना १८ वर्षांनी मिळाले.

तेव्हा कोण आव्हान देऊ शकेल ह्याचे उत्तर अगदी अंधारात नाही. कंपाउंडमध्ये आपली माणसे आव्हान देऊन चुकली, जिंकूनही आली. रिकर्व्हमध्ये संघ म्हणून आपण दाराच्या आत पाय ठेवला आहे. एकेकट्याच्या सामन्यात, ऑलिंपिकच्या दिवशी, अजून नाही.

मघाशी म्हणालो होतो की एकलव्याला आज अडवले असते ते दुसऱ्याच गोष्टीने. ती गोष्ट म्हणजे पैसा. आपल्या शाळांतून मुले सुरुवात करतात ती बांबूच्या धनुष्याने. ते स्वस्त असते, आणि सुरुवातीला उत्तम. पण राज्याच्या आणि देशाच्या स्पर्धेत पुढे जायचे तर रिकर्व्ह किंवा कंपाउंड हवे. चांगल्या धनुष्याची, बाणांची आणि जोडसामानाची किंमत लाखांत जाते. बांबूपासून रिकर्व्हपर्यंत एक मोठा नाला आहे, आणि पुष्कळ पोरे त्याच्या अलीकडच्या काठावरच राहतात. कापसाचे भाव पडलेल्या साली कोणता बाप लाखाचे धनुष्य घेऊन देईल? घेऊन द्यावे असे मी म्हणणारही नाही. शेती गहाण टाकून पदक मिळत नसते. हा नाला ओलांडून देणे सरकारच्या प्रबोधिनीचे आणि गावच्या संस्थांचे काम आहे. एक चांगले धनुष्य संस्थेच्या नावे घेतले, नीट जपले, तर त्यावर चार मुले आळीपाळीने तयार होऊ शकतात. दोरीचा भार प्रत्येकाला वेगळा लागतो, तो मागेपुढे करण्याची सोय धनुष्यात असते.

गुरुजींना आणखी एक सांगायचे आहे. धनुर्धर ओळखायला शाळेत धनुष्य लागत नाही. प्रवीणची पारख दहा चेंडूंवर झाली. जो मुलगा किंवा मुलगी दगड मारून कैरी पाडताना तीनदा चुकूनही चिडत नाही, चौथ्यांदा हात शांत ठेवते, तिच्याकडे लक्ष असू द्या. शरीर किरकोळ असेल तर आधी जेवणाकडे पाहा. शालेय पोषण आहाराचा डबा तिच्यापर्यंत पुरतो की नाही हे पाहा. आणि मैदानावर एक नियम मोडू देऊ नका : बाण सोडणे चालू असताना निशाणाकडे कोणीही जायचे नाही, सर्वांचे बाण संपल्याची शिट्टी झाल्यावर सगळ्यांनी मिळूनच जायचे. बांबूचे असले तरी ते हत्यार आहे.

२०२८ च्या जुलै महिन्यात ऑलिंपिक पुन्हा लॉस एंजेलिसला भरणार आहे, म्हणजे सो ह्यांग-सूनने जिथे पहिले सुवर्ण घेतले त्याच शहरात. तिथे प्रथमच कंपाउंडचा समावेश होणार, असा निर्णय २०२५ च्या एप्रिलमध्ये झाला. पण फक्त मिश्र जोडीचा. एका देशाचा एक मुलगा आणि एक मुलगी. म्हणजे बुलढाण्याचा जवकार, नागपूरचा देवतळे, पुण्याचा फुगे आणि देशभरातले बाकीचे सारे ह्यांच्यातून जागा एकाला. मुलींतही तसेच, अदिती, ज्योती, परनीत आणि आणखी कितीतरी. श्लोसर तर अजून खेळतोच आहे, २०२५ साली ग्वांगजूच्या मिश्र अंतिम सामन्यात त्याच्याच जोडीने भारताला १५७–१५५ असे हरवले. आणि कंपाउंड आता ऑलिंपिकमध्ये आले म्हटल्यावर कोरियाही ह्या वावरात नांगर घालणारच. त्याच्या शाळांतल्या मुली एव्हाना सरावाला लागल्या असतील.